एकतिसाव्या मजल्याचा उतार

९ ऑक्टोबर २०१९, बुधवार, सकाळी दहा वाजून सात मिनिटे. लिफ्टमध्ये नऊ माणसे होती आणि त्यांपैकी आठांना आपण कशाच्या पोटातून वर चाललो आहोत याची काडीइतकी कल्पना नव्हती. नववा तो स्वतः होता. वय चौऱ्याहत्तर, काखेत नकाशांची पत्र्याची नळी, शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी. आठही जण माना खाली घालून आपापल्या तळहातावरच्या उजेडात चरत होते. चारी बाजूंना पंचेचाळीस सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती, प्रत्येक भिंतीत सळ्यांच्या दोन जाळ्या, त्या जाळ्यांतली एकेक सळई कधीकाळी कुणीतरी टोकदार पेन्सिलीने ओढलेली. आणि या भिंतींविषयी ह्या मंडळींचे ज्ञान एवढेच, की आत रेंज येत नाही. "इथे नेहमीचंच आहे," एकजण कपाळाला आठ्या घालून म्हणाला. रेंज आली असती, बाळा, तो मनात म्हणाला, भिंत पातळ केली असती तर नक्की आली असती, फक्त तुला वर जायला मजला उरला नसता. छतातून एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज प्रत्येक मजल्याचा आकडा अशा थाटात सांगत होता की जणू तो आकडा तिने स्वतः घाम गाळून कमावला होता. बाराव्यावर तिघे उतरले, सतराव्यावर दोघे, बाविसाव्यावर उरलेले. त्याच्या वरचे मजले तीन महिन्यांपासून रिकामे केलेले. दार मिटले, तो एकटा उरला, आणि मग त्याच्या लक्षात आले की आपण बेचाळीस वर्षांत या इमारतीत पंधराव्या मजल्याच्या वर एकदाही आलेलो नाही. कधी कुणी विचारलेच तर तो सांगे, ज्या आचाऱ्याने मुदपाकखाना आतून पाहिला आहे तो त्या पंगतीला बसत नाही. हे उत्तर त्याला आवडत असे. लोक हसत आणि पुढे विचारत नसत.

एकतिसाव्यावर दार उघडले आणि समोरून एक रिकामी खुर्ची त्याच्याकडे चालत आली. ढकलणारे कुणी नव्हते. पडदे, टेबले, गालिचे, सगळे उचलून नेलेला, या काचेपासून त्या काचेपर्यंत उघडा पडलेला मजला. आणि त्या ओसाडीतून ती चाकांची काळी खुर्ची, पाठ किंचित फिरवून, एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसासारखी, न घाईने न संकोचाने येत राहिली, आणि लिफ्टच्या उंबऱ्याला टेकून थांबली. त्याने वाकून हात पुढे केला. "तिला हात लावू नका हं सर, ती माझं उपकरण आहे!" खिडकीजवळून एक मुलगी ओरडली. डोक्यावर पिवळे शिरस्त्राण, हातात चहाचा कागदी पेला. तपासणीचे काम हिच्याकडे होते आणि फोनही हिनेच केला होता. फोनवर तिचा आवाज त्याला चाळिशीचा वाटला होता; प्रत्यक्षात ती त्याच्या पोलादी पट्टीपेक्षाही लहान होती. "खिडकीशी सोडून देते. चहा संपेस्तोवर लिफ्टपाशी पोचते. लेव्हलचं यंत्र दीड लाखाचं आहे, पण मालकांच्या माणसांना खुर्चीच पटते." तो हसला नाही. पदवीधरांची थट्टा त्याला कधी मानवली नव्हती. "खुर्चीने मिलिमीटर मोजता येतात का?" त्याने विचारले. "नाही सर. म्हणून तुम्हाला बोलावलं," ती म्हणाली. हे तिला चावटपणाने सुचले की सरळपणाने, हे त्याला ठरवता येईना, कारण 'मिलिमीटर' हे त्याचे कचेरीतले पाठीमागचे नाव होते आणि ते हिला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

ही इमारत का उभी राहिली याचे त्याच्यापाशी एका वाक्यातले उत्तर होते: शेजारच्या विमा कंपनीची चाळीस मजल्यांची होती म्हणून. ही बांधून घेणाऱ्या बँकेच्या अध्यक्षांना, ज्यांना दोन जिने चढले की धाप लागे, एकेचाळीस हवे होते. एकेचाळिसावा म्हणजे पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची यंत्रे. तिथे माणसाला ताठ उभेही राहता येत नाही. पण पितळी पाटीवर आकडा एकेचाळीसच. वास्तुशिल्पी बारा महिने पांढरे बूट घालणारा, आणि कामावर आला तर फळीवरून चालणारा. त्याला चारही कोपऱ्यांत खांब नको होते. 'कोपऱ्याला श्वास घेऊ द्या,' असे तो बैठकीत डोळे मिटून म्हणे. आणि कोपऱ्यांनी श्वास घ्यावा म्हणून उरलेल्या चोवीस खांबांनी दम कोंडून ओझे वाहायचे. तळमजल्यावर तीन मजले उंचीचे, काळ्या दगडाचे दालन. हेतू इतकाच, की कर्ज मागायला आलेला माणूस अर्ज काढण्यापूर्वीच लहान व्हावा. काच तांबूस तपकिरी, खिडक्या न उघडणाऱ्या, आणि खाली पायथ्याशी वारा असा चवताळून फिरे की पहिल्याच वर्षी तीन छत्र्या, एक टोपी आणि एका वकिलाचे चालू दाव्याचे कागद उडाले. वास्तुशिल्प्याने त्यालाही नाव देऊन टाकले, शहराचा उच्छ्वास. ते नाव वर्तमानपत्रात छापून आले तेव्हा त्याने, अभियंत्यांच्या कचेरीतल्या आरेखकाने, ते कात्रण आपल्या ड्रॉइंग बोर्डाखाली, डगमगणाऱ्या पायाला घडी करून लावले होते. आणि या साऱ्यांच्या वर थोरले साहेब, मुख्य अभियंता, परदेशी पदवीचे. त्यांना पेन्सिलला टोक काढता येत नसे, ते दुसऱ्याने काढलेल्या टोकाने सही करत. पदवीधर खिडकीजवळ बसत. तंत्रनिकेतनाचे पदविकावाले, तोही त्यांतलाच, मागे, नकाशांच्या प्रती काढणाऱ्या अमोनियाच्या यंत्राशेजारी, जिथे दुपारपर्यंत डोळ्यांतून पाणी वाहू लागे आणि नव्या माणसाला वाटे की हे सारे कशाने तरी हेलावले आहेत.

पण एकतिसाव्या मजल्याचे कोडे खिडकीजवळ कुणाला सुचले नव्हते. ते अमोनियाशेजारी सुचले. काँक्रीट म्हणजे दगड नव्हे. ते ओझ्याखाली वर्षानुवर्षे आखडत राहते. इमारतीच्या मधोमध लिफ्टभोवतीच्या भिंतींचा जो गाभा असतो तो जाडजूड, त्याच्या अंगावर ताण कमी, तो थोडा आखडतो. कडेचे खांब बारीक, ते जास्त आखडतात. म्हणजे आज पाण्यासारख्या सपाट घातलेल्या फरश्या चाळीस वर्षांनी खिडकीकडे कलणार. त्याने सहा रविवार हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर घालवले, प्रत्येक मजल्याचे ओझे, प्रत्येक खांबाचा ताण, आणि उत्तर काढले: सर्वांत वाईट एकतिसावा मजला, सव्वीस मिलिमीटर. उपाय सोपा होता, कडेचे खांब आधीच तेवढे उंच करायचे. एकदम नव्हे, सात हप्त्यांत, दर चार मजल्यांनी. पाच, पाच, चार, चार, तीन, तीन, दोन. नवी असताना इमारतीच्या कडा किंचित वर असतील आणि जसजशी ती म्हातारी होईल तसतशी सरळ होत जाईल. माणसांच्या नेमके उलट. थोरल्या साहेबांनी ते पान दोन बोटांत धरले, 'इंटरेस्टिंग,' म्हणाले, आणि पुढच्या बैठकीत स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्या दिवसापासून त्याने जगाकडून काही अपेक्षा ठेवायचे बंद केले, आणि अपेक्षा न ठेवणे हाच एक व्यासंग होऊन बसला. बायको म्हणे, "तुम्हाला जगात एकच माणूस पसंत आहे, आणि तोही दाढी करतानाच भेटतो."

"शुक्रवारी अहवाल द्यायचाय," मुलगी सांगत होती. "मालकांचे सल्लागार म्हणतात, गाभ्याचं काँक्रीट कमजोर आहे, ते दबतंय, म्हणून फरश्या मध्याकडे उतरल्यात. तसं लिहिलं की पाडायची परवानगी. मग या जागेवर सत्तर मजले. चित्रंसुद्धा तयार आहेत सर, वर झाडं लावणारेत."

"सत्तर का? पलीकडे कुणाचे एकोणसत्तर आहेत?"

"अडुसष्ट," ती म्हणाली. आता मात्र त्याला हसू आले, कोरडे, खोकल्यासारखे. काही म्हणजे काही बदलले नव्हते. "आणि तुझं काय म्हणणं?"

"मी गाभ्यातून अठरा नमुने काढलेत. एकही कमजोर नाही. पण मग उतार आला कुठून, ते मला सांगता येत नाही. कारण नसलेला अहवाल टिकत नाही, सर. कारण मिळालं नाही तर त्यांचंच कारण लागणार. खालच्या बावीस मजल्यांवर अडीच हजार माणसं कामाला येतात, त्यांना महिनाभराची नोटीस."

"पाडू देत," तो म्हणाला. "माझं मत विचारशील तर उभीच करायला नको होती."

"मग तुम्ही आलात कशाला?"

या प्रश्नाला त्याच्याजवळ पंगतीचे आणि मुदपाकखान्याचे उत्तर होते, पण ते इथे बसेना. सकाळी बायकोनेही जवळजवळ हेच विचारले होते. नळी पुसत असताना ती दारात येऊन उभी राहिली. "जाताच आहात तर त्या माणसाचं खरं काय ते विचाराल ना?" "कोणत्या माणसाचं?" "अहो, कोणत्या ते तुम्हाला ठाऊक आहे." बेचाळीस वर्षे ती वर्षा-दोन वर्षांनी हा प्रश्न काढत असे, गच्चीवर वाळत घातलेले विसरलेले कापड आठवावे तशी, आवाज न चढवता. त्याने मुलीला ते कारण सांगून टाकले जे तो सर्वांना सांगत आला होता. "कारण शोधायला नको. सत्याहत्तर सालच्या चौकशीत लिहिलेलं आहे. सांगाडा चौतिसाव्यावर पोचला होता तेव्हा हा मजला मोजला. कड पन्नास मिलिमीटर वर. त्यातले सव्वीस माझे, मुद्दाम ठेवलेले. उरलेले चोवीस मुकादमाचं दुर्लक्ष. त्याला काढून टाकलं. मामला मिटला."

"मुकादम कसा होता?"

"मुकादमासारखा."

उंच, काटकुळा, मानेचे हाड पुढे आलेला. कमरेला नेहमी उभी रेष तपासायची ओळंब्याची दोरी, म्हणून कामावरची माणसे त्याला ओळंबाच म्हणत. चौथीपर्यंत शिकलेला. नकाशा वाचताना बोट ओळीवरून फिरवी आणि ओठ हलवी, पोथी वाचल्यासारखा, आणि ते ओठ हलणे पाहून खिडकीजवळच्यांना आणि अमोनियाजवळच्यांनाही, एरवी ज्यांचे कशावरच एकमत होत नसे, सारखेच हसू येई. कचेरीत आला की चपला बाहेर काढी. त्या तेवढ्या मोठ्या कचेरीत चपला काढणारा तो एकटाच, आणि त्याच्या पायांचे सिमेंटचे ठसे दुपारपर्यंत फरशीवर राहत. हे सारे त्याने मुलीला सांगितले नाही. खुर्ची अजून लिफ्टपाशी उभी होती. "पन्नास," मुलगी वहीत लिहीत म्हणाली. "खालचे मजले मोजले होते तेव्हा?"

"गरज नव्हती."

"मी मोजलेत. लिहून घ्याल का? म्हणजे तुमच्या आकड्यांशी लावता येईल." आणि ती एका सुरात, बाजाराची यादी वाचावी तशी वाचू लागली. "कड मध्यापेक्षा किती वर, ते सांगते. सहाव्यापर्यंत काही नाही. सातवा, पाच. अकरावा, दहा. पंधरावा, चौदा." त्याने पेन्सिल उचलली होती, ती कागदाला टेकली नाही. "एकोणिसावा, अठरा. तेविसावा..."

"एकवीस," तो म्हणाला.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"सत्ताविसाव्यावर चोवीस. इथे सव्वीस."

तिने वहीतला आकडा पाहिला, मग त्याच्याकडे. काचेबाहेर कुठल्याशा धुराड्याचा धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता. ही त्याची यादी होती. सहा रविवारांची. पाच, पाच, चार, चार, तीन, तीन, दोन, एकात एक मिळवत गेलेली, मिलिमीटरला मिलिमीटर. एका क्षणापुरता, आणि पुढे हा क्षण आठवून त्याला स्वतःची शिसारी यायची होती, त्याला आनंद झाला. बरोबर! बेचाळीस वर्षे खांब आखडत आले ते त्याने सांगितले तेवढेच, सांगितले तिथेच. परदेशी पदव्या झक मारोत. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ, जिन्यावरून मागून येणाऱ्या माणसासारखी, दुसरी गोष्ट आली. खांब सव्वीस आखडले, तर आज कड सपाट हवी. ती सव्वीस वर आहे. म्हणजे मुळात ती बावन्न वर होती; सत्याहत्तरची पन्नासची मोजणी होईतो दोन आखडलेच होते. मुकादमाने निष्काळजीपणा केला असता तर कुठे सात आले असते, कुठे एक, कुठे उणे. निष्काळजीपणाला बेरीज येत नसते. प्रत्येक हप्ता दुप्पट होता. प्रत्येक हप्ता, काटेकोर, दोनदा घातलेला होता. असे काम बेफिकीर माणूस करू शकत नाही. असे काम फक्त तो करतो ज्याला हातात दोन कागद दिले आहेत आणि जो दोन्ही कागदांचा मान राखतो.

"नकाशे बघू या ना," ती म्हणाली. तिने नळीचे झाकण फिरवले. अमोनियाचा वास बेचाळीस वर्षांनीही तसाच, नाकातून सरळ डोळ्यांत चढणारा. दोघांनी निळ्या रेषांची पाने जमिनीवर पसरली. ती गुंडाळायला धडपडत होती, तिने एका कोपऱ्यावर शिरस्त्राण ठेवले, दुसऱ्यावर चहाचा पेला. खांबांच्या उंचीचा नकाशा. सहाव्या मजल्याच्या खांबाची उंची इतर मजल्यांपेक्षा पाचने जास्त, दहाव्याची पाचने, वाढ त्यात धरलेली होतीच. शेजारी त्याच महिन्याचा तक्ता, थोरल्या साहेबांच्या हट्टाने वेगळा काढलेला, 'कामावरच्यांना समजेल असा': कडेच्या खांबांत करावयाची वाढ, पाच, पाच, चार, चार, तीन, तीन, दोन. आणि दोन्हींवर कुठेही, एका ओळीनेही, हे एकच आहे असे लिहिलेले नव्हते. तिने तिसरे पान ओढले. तोच नकाशा, मार्च सत्याहत्तरची सुधारित प्रत, चौतिसाव्याच्या वरच्या कामासाठी. "इथे एक टीप आहे," ती वाकून वाचू लागली. "'तक्त्यातील फेरफार या उंचीत धरलेले आहेत, वेगळे करू नयेत.' पहिल्या नकाशावर ही नाहीये. ही नंतर का घातली, सर?"

का घातली? त्याचेच अक्षर होते. मुकादमाला काढले तो शुक्रवार होता; ही टीप त्याच्या पुढच्या मंगळवारची. स्पष्टतेसाठी, त्याने तेव्हा स्वतःला सांगितले असणार. ड्रॉइंग बोर्डावर वाकलेला माणूस स्वतःला जे सांगतो ते फार मोठ्याने सांगत नाही. त्याला ती दुपार दिसली. त्या मंगळवारची नव्हे, त्याच्या बरीच आधीची, पहिल्या हप्त्याच्या वेळची. मुकादम चपला काढून आत आला, दोन्ही कागद दोन हातांत, आणि अमोनियाच्या यंत्राशेजारी उभा राहून म्हणाला, "साहेब, एक विचारायचं होतं. नकाशातल्या खांबात ही वाढ आधीच धरलीय का? का तक्त्यातली वेगळी घालू?" चौथी शिकलेला माणूस. ओठ हलवून वाचणारा. संबंध कचेरीत ते दोन कागद शेजारी शेजारी धरून वाचणारा एकटा. आणि तो स्वतः, सकाळीच पुन्हा एकदा थोरल्या साहेबांच्या तोंडून स्वतःचे गणित ऐकून आलेला, मान वर न करता म्हणाला होता, "मुकादम, कागदावर लिहिलंय ते करायचं. डोकं चालवायला आम्ही बसलोत इथे." खिडकीजवळचे हसले होते. बरे वाटले होते ते हसू. खिडकीजवळच्यांनी त्याच्या बाजूने हसण्याची ती पहिलीच वेळ. मुकादम म्हणाला, "बरं साहेब," आणि ठसे मागे ठेवून गेला. नंतर, काढून टाकल्यावर, तो एकदा घरीही आला होता, ते दोन कागद घेऊन. हा स्वतः आतल्या खोलीत होता. "घरात नाहीत म्हणून सांग," असे त्याने बायकोला सांगितले होते. तिने त्या माणसाला पाणी दिले. "वहिनी, मी खोटं काम केलं नाही," एवढे बोलून मुकादम गेला. पुढे बऱ्याच वर्षांनी ती कुठूनशी ऐकून आली की तो एका शाळेच्या फाटकावर रखवालदार आहे. "निदान फाटक तरी नीट लागत असेल," असे त्याने तिला ऐकवले होते. तिने ताटात भात वाढला आणि पातेले उचलून आत गेली. अकरा वर्षांपूर्वी मुकादम वारला तेव्हाही सांगितले तिनेच. तो स्वतः त्या वेळी वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवत होता, आणि सोडवत राहिला.

त्याला अजून गप्प बसता येत होते. ही गोष्ट त्याने शांतपणे, पदविकेच्या परीक्षेतल्यासारखी, क्रमाने मांडून पाहिली. मुलीला टिपेचे कारण सांगायचे नाही. नकाशे म्हातारपणी गोंधळात टाकतात म्हणायचे. शुक्रवारी गाभा कमजोर ठरेल. सहा महिन्यांत यंत्रे लागतील, वरून खाली एकेक मजला उतरवतील. काळे दालन, कोपऱ्यांचा श्वास, पितळी पाटी, सगळे ट्रकमध्ये. ज्या इमारतीचा त्याने जन्मभर तिरस्कार केला ती जमीनदोस्त होईल आणि तिच्याबरोबर हा उतारही. पृथ्वीवर कुठे सव्वीस मिलिमीटर शिल्लक राहणार नाहीत. आयते होते. नुसते काही न बोलण्याचे काम, आणि त्या कामाचा त्याला बेचाळीस वर्षांचा अनुभव. पण 'कमजोर' हा शब्द त्याला खपेना. ते अठरा नमुने. ती सळ्यांची दुहेरी जाळी. पाहिजे ते म्हणा, पण कमजोर? सत्तर मजल्यांवर झाडे लावणाऱ्यांनी? हे त्याच्या लक्षात आले तेव्हा त्याला हेही दिसले, की आपण जर खरे बोललोच तर तेही माजाने बोलणार आहोत. आणि या गोष्टीचे त्याला, इतक्या सगळ्यात, नवल मात्र वाटले नाही.

"एक दाखवायचं राहिलं," मुलगी म्हणाली. "खरं तर त्याच्यासाठीच फोन केला होता. खाली तिसाव्यावर, या मजल्याला पेलणाऱ्या खांबांवर लाकडी तक्तपोशी होती. परवा काढली. एका खांबावर काहीतरी लिहिलंय, त्याचा अर्थ मला लागेना." जिना गाभ्यातून होता, तो कठड्याला धरून उतरला, पायऱ्या मोजत, बावीस. खिडकीकडच्या खांबाच्या पायथ्याशी ती उकिडवी बसली आणि फोनचा उजेड पाडला. त्याला गुडघे टेकावे लागले. गुळगुळीत न केलेले काँक्रीट, साच्याच्या फळ्यांच्या शिरा उमटलेल्या, आणि त्यावर बारीक कुंचल्याने, लाल रंगात, चौथीतल्या मुलासारखे गोल, सुटे अक्षर; ओळ इतकी आडवी सरळ की खाली दोरी धरून लिहिली असावी. 'नकाशाप्रमाणे वाढ २. तक्त्याप्रमाणे वाढ २. दोन्ही घातली. साहेबांना विचारलं होतं.' खाली तारीख, १२ फेब्रुवारी १९७७. अंगावर दोष यायच्या आधीची. म्हणजे हा बचाव नव्हता. कामाची नुसती नोंद. माणूस दर मजल्यावर अशी करत असणार, आणि वर कुणी पाहणार नाही अशा ठिकाणी, जिथे पुढे तक्तपोशी बसणार होती, तिला ठेवून पुढच्या मजल्यावर जात असणार.

"हे साहेब कोण?" मुलीने विचारले.

"मी."

तिने वही पुन्हा उघडली. मग अगदी हळू आवाजात, मनातल्या मनात जुळवत म्हणाली, "म्हणजे वाढ दोनदा धरली गेली. गाभा ठीक आहे. खांब ठीक आहेत. नुसती फरशी समतल करून घ्यायची... सर, इमारतीला काहीच झालेलं नाही."

"इमारतीला नाही," तो म्हणाला. त्याने खिशातली पोलादी पट्टी काढली आणि, काही कारण नसताना, त्या अक्षरांच्या ओळीला लावून पाहिली. ओळ पट्टीपासून कुठेही सुटली नाही.

"हे तुमच्याकडून लेखी लागेल," ती चाचरत म्हणाली. "मी फक्त 'जुन्या नकाशातील त्रुटी' असं लिहू शकते. नाव-बिव नको. एवढ्या वर्षांनी कोण विचारणार?"

"तू शिकलीस कुठे?" तो खेकसला. "त्रुटी म्हणजे काय? पाव की पावणेदोन? पालिकेचा छापील नमुना काढ."

तिने पिशवीतून छापील नमुना काढला. तोच होता. पालिकेने बेचाळीस वर्षांत त्यातला स्वल्पविरामही बदलला नव्हता. काँक्रीट आखडते, सरकारी नमुने आखडत नाहीत. तीन रकाने: कारण; नकाशातील चूक, मिलिमीटरमध्ये; प्रत्यक्ष कामातील चूक, मिलिमीटरमध्ये. सत्याहत्तर साली हे रकाने त्याच्याच अक्षरात भरले होते, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यात चोवीस, आणि थोरल्या साहेबांनी, दुसऱ्याने काढलेल्या टोकाने, खाली सही केली होती. तो खांबाला पाठ लावून जमिनीवर बसला. नमुना गुडघ्यावर घेतला. पहिल्या रकान्यात त्याने लिहिले: 'कडेच्या खांबांतील वाढ नकाशात धरलेली असताना तक्त्यात पुन्हा दिली. मुकादमाने खुलासा विचारला होता. आरेखकाने दिला नाही.' खाली स्वतःचे पूर्ण नाव लिहिले, पदविकेसकट. अक्षर तेच होते, टिपेतले. मुलगी उजेड धरून उभी होती, आणि वर एकतिसाव्यावर, उंबऱ्याला टेकलेली ती खुर्ची आपली अजून तिथेच असणार. दुसऱ्या रकान्यात त्याने सव्वीस लिहिले. मग पेन उचलून, ओठ किंचित हलवत, वरपासून सगळे एकदा वाचून पाहिले, आणि तिसरा रकाना भरला.

प्रत्यक्ष कामातील चूक: ० मिलिमीटर.